कॉम्पॅक्ट पिस्तूल: कुणात ६ गोळ्या, कुणात १५, एवढा फरक कशामुळे?

गिरगावचा_नंदू
मंडळी, हत्यारांतलं मला काडीचं कळत नाही, पण सध्या घरात जेवताना, चहाला, व्हिडिओ कॉलवर हाच एक विषय चालू आहे म्हणून धागा काढतोय. माझा मावसभाऊ डॅलसला असतो, ग्रीन कार्ड झालंय, आता त्याला कमरेला लावायला छोटं पिस्तूल घ्यायचंय. तिथे दुकानात जाऊन हातात घेऊन बघून आला आणि ग्रुपवर यादी टाकली. ग्लॉक ४३, ग्लॉक ४३ एक्स, सिग पी३६५, स्प्रिंगफील्डचं हेलकॅट, स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस. फोटोत सगळी मला सारखीच दिसतात, तळहाताएवढी. पण एकात ६ गोळ्या, एकात १०, एकात ११, आणि वरून सेल्समन म्हणे मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी, बदललं तर १५ पण बसतात.

इकडे आमचे मामा. झवेरी बाजारात पेढी आहे, त्यांच्याकडे ३२ बोअरचं जुनं वॉल्थर पीपी आहे, आजोबांकडून आलेलं, रीतसर लायसन्सवर. त्यात ८. मामा म्हणतात आठ खूप झाल्या, ज्याला आठात जमत नाही त्याला ऐंशीतही जमणार नाही. भाऊ म्हणतो मामा तुम्ही अजून जुन्या जमान्यात आहात. आई म्हणते जेवताना हे विषय बंद करा.

तर माझा प्रश्न एवढाच, बाहेरून साइझ सारखी असताना आतल्या आकड्यात दुपटीचा फरक कसा पडतो, आणि लपवून बाळगायचं असेल तर जास्त गोळ्यांचं घेण्यात खरंच अर्थ आहे का?

संपादक_मंडळ
धागा माहितीपुरता ठेवू. विकणे आहे, घेणे आहे, कुठे मिळेल, असलं काही आलं तर प्रतिसाद उडवला जाईल. चालू द्या.

उनाडमुंबईकर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आम्हाला सात ट्वेंटीच्या विरार फास्टमध्ये मोबाइल लपवून बाळगता येत नाही, लोक पिस्तुलं लपवतायत.

वरळी_१०मीटर
नंदू, प्रश्न बरोबर विचारलायस. मी नेमबाजीतला माणूस आहे, वरळीच्या रेंजवर असतो, कमरेला काही लावत नाही, पण मॅगझिनचा हिशोब सगळीकडे सारखाच.

सुरुवात तुझ्या मामांच्या पिस्तुलापासूनच कर. वॉल्थर पीपी आलं १९२९ ला. उंची १०९ मिलिमीटर, ३२ बोअरमध्ये मॅगझिन ८ चं. दोन वर्षांनी त्याचंच छोटं रूप पीपीके आलं, उंची १०० मिलिमीटर, मॅगझिन ७ चं. म्हणजे मूठ ९ मिलिमीटरने कापली आणि बरोबर एक गोळी गेली. एकेरी मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचलेली असतात, त्यामुळे एक वाढवायचं तर एका काडतुसाच्या जाडीएवढी मूठ लांब करा, नाहीतर खाली मॅगझिनचं बूड बाहेर काढा. तिसरा मार्गच नाही.

९ एमएमचं काडतूस बुडाशी जवळजवळ १० मिलिमीटर जाड. म्हणून ग्लॉक ४३, २०१५ चं मॉडेल, उंची १०८ मिलिमीटर, आणि आत फक्त ६. मूठ वरून खालपर्यंत एकेरी रांग, वर ट्रिगर आणि स्लाइडची (नळीवरचा पुढे-मागे सरकणारा भाग) जागा सोडली की उरतं तेवढ्यात सहाच मावतात.

मग दुहेरी रांग. ही काय आजची गोष्ट नाही, ब्राउनिंग हाय-पॉवर १९३५ चं, त्यात १३ होत्या, त्याचं मॅगझिन बेल्जियमच्या एफएन कंपनीतल्या द्युदोने सेव्हने बसवलं. आपल्या पोलिसांकडे जे ईशापूरचं ९ एमएम १ए बघतोस ते त्याच घराण्यातलं, त्यातही १३. काडतुसं डावी-उजवी-डावी-उजवी अशी खाचेत बसतात, त्यामुळे प्रत्येक काडतुसाला पूर्ण १० मिलिमीटर उंची लागत नाही, कमीत भागतं. पण मूठ जाड होते. ग्लॉक २६ बघ, उंची १०६ मिलिमीटर म्हणजे ४३ पेक्षाही दोन मिलिमीटर कमीच, आणि गोळ्या १०. फुकट नाही मिळाल्या, ते जाडीला थेट ग्लॉक १९ सारखं आहे, कमरेला लावलं की उठून दिसतं.

आता खरी गंमत. २०१८ ला सिगने पी३६५ आणलं. उंची साधारण १०९ मिलिमीटर, पातळ, आणि ९ एमएमच्या १०. हे ना पूर्ण एकेरी ना पूर्ण दुहेरी. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट कशी होते, चौथा सरळ टेकून बसत नाही, अर्धा पुढे सरकून तिरका टेकतो, आणि बाक तेवढाच राहतो. इथे काडतुसं थोडीशीच तिरकी सरकतात, पूर्ण दोन रांगा होत नाहीत, मॅगझिन जरासंच रुंद होतं आणि वर तोंडाशी निमुळतं होऊन पुन्हा एकेरी होतं. तिथे लोक याला दीड रांग म्हणतात.

म्हणजे बघ, तुझ्या मामांचं पीपी आणि हे पी३६५, दोघांची उंची सारखीच. १९२९ ला त्या उंचीत ३२ बोअरच्या ८ मावल्या, २०१८ ला ९ एमएमच्या १० मावल्या. ९ एमएम जाड काडतूस असूनसुद्धा. पिस्तूल मोठं झालं नाही, आतला पत्रा आणि स्प्रिंग हुशार झाली. त्यानंतर सगळ्यांचीच धावपळ. हेलकॅट २०१९ ला ११ घेऊन आलं, शील्डचं जुनं २०१२ चं मॉडेल ७ चं होतं ते २०२१ ला शील्ड प्लस होऊन १० चं झालं, मूठ जवळपास तीच. रुगरच्या एवढ्याशा एलसीपीत ३८० बोअरच्या ६ होत्या, एलसीपी मॅक्समध्ये १० झाल्या.

गिरगावचा_नंदू
वा, चौथ्या सीटने डोक्यात बसलं. मामांना वाचून दाखवलं, ते म्हणाले म्हणजे माझं पिस्तूल उंचीला बरोबर आहे ना, मग झालं.

आणि ती १५ वाली काय भानगड आहे?

वरळी_१०मीटर
ती दोन प्रकारची. एक म्हणजे लांब मॅगझिन, मुठीच्या खाली बाहेर येतं. पी३६५ ला १२ चं आणि १५ चं मिळतं तसं. दुसरी ग्लॉक ४३ एक्सची. ४३ एक्स म्हणजे ४३ ची स्लाइड आणि लांब मूठ, उंची १२८ मिलिमीटर, कंपनीचं मॅगझिन १० चं. आता ग्लॉक १९ ची उंचीही १२८ च, त्यात १५ बसतात, पण ते ३४ मिलिमीटर रुंद आणि हे २८. ग्लॉकचं मॅगझिन म्हणजे आत पत्रा आणि बाहेरून प्लास्टिकचं आवरण, त्या प्लास्टिकच्या भिंतीच जागा खातात. शील्ड आर्म्स नावाच्या कंपनीने नुसत्या पोलादी पत्र्याचं मॅगझिन काढलं, प्लास्टिक गेलं, तेवढ्याच लांबीत १५ बसल्या. मग पिस्तुलाचा मूळचा मॅगझिन कॅच, म्हणजे मॅगझिन अडकवून धरणारा खटका, प्लास्टिकचा, पोलादी मॅगझिन त्याला कुरतडतं, म्हणून कॅच पण धातूचा बदला. एक बदललं की दुसरं बदला, हे असं आहे.

माजी_फौजदार
वरच्यांनी माहिती उत्तम दिली. मी नोकरीत असताना आधी ३८ चं रिव्हॉल्व्हर होतं, सहा गोळ्या, मग ९ एमएम. तेराचं मॅगझिन हातात आलं तेव्हा आम्ही पण खूश. पण नंदूशेठ, आकड्याच्या मागे लागण्याआधी एक गोष्ट बघायची, जी दुकानदार सांगत नाही. पिस्तूल अडकतं त्यात बहुतेक वेळा दोष मॅगझिनचा असतो. वर तोंडाला पत्र्याच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात, त्यांना लिप्स म्हणतात, काडतूस त्यांनीच धरून ठेवलेलं असतं. भरलेलं मॅगझिन लादीवर तोंडावर पडलं की ती कड केसभर उघडते, डोळ्याला दिसत नाही, पण काडतूस वर येताना नाक वर करून येतं आणि चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीच्या, तोंडाशी जाऊन बसतं. आम्ही मॅगझिनच्या बुडावर मार्करने नंबर टाकायचो, १, २, ३. दोनदा एकाच नंबरावर अडकलं की ते बाजूला, सरावालासुद्धा नाही.

त्यामुळे १५ चं एक मॅगझिन असण्यापेक्षा १० ची दोन चांगली मॅगझिन बरी. पहिलं दगा देतंय तर दुसरं आहे.

उनाडमुंबईकर
फौजदार साहेब, पण खरं सांगा, माणसाला एवढ्या गोळ्या लागतात का?

माजी_फौजदार
माणसाला बंदूकच लागू नये. पण धागा मॅगझिनचा आहे.

ह्यूस्टनची_मीनल
नंदू, मी तुझ्या भावाच्या राज्यातलीच, ह्यूस्टनला. लायसन्स घेऊन बाळगते. इथे २०२१ च्या सप्टेंबरपासून लायसन्सशिवायही चालतं पण मी घेतलेलंच ठेवलंय, दुसऱ्या काही राज्यांत त्याचा उपयोग होतो. मुंबईत दादरला वाढले त्यामुळे घाम म्हणजे काय ते माहीत आहे आणि ह्यूस्टन काही कमी नाही.

लपवण्याबद्दल सगळे स्लाइड किती लांब ते बघतात, ते चूक आहे. स्लाइड पँटच्या आत जाते, लांब असली तरी कुणाला दिसत नाही. दिसते ती मूठ. मूठ कमरेच्या वर राहते, शर्टाच्या कापडावर तिचा खालचा कोपरा टोचल्यासारखा उमटतो, वाकलं की अजून. म्हणून १०९ मिलिमीटर आणि १२८ मिलिमीटर यातला फरक कागदावर दोन सेंटिमीटरच्या आत आहे पण पातळ कुर्त्यात तो फरक म्हणजे दिसणं आणि न दिसणं. मी आधी ४३ एक्स वापरत होते, हातात मस्त बसतं, करंगळीला जागा मिळते, पण उन्हाळ्यात त्यावर जॅकेट कुठून घालणार. मग पी३६५ घेतलं. त्यात १० चं सपाट बुडाचं मॅगझिन पिस्तुलात ठेवते आणि १२ चं लांब वालं जास्तीचं म्हणून वेगळं, कारण हातातल्या मॅगझिनला मूठ लपवायची नसते. इथे बरेच जण असंच करतात. सपाट वाल्यात करंगळी हवेत राहते, त्याची सवय व्हायला वेळ लागतो आणि नेम थोडा सुटतो, हे पण खरं.

दुसरं म्हणजे भरताना. हे कुणी सांगत नाही, ती दीड रांगेची मॅगझिन नवीन असताना इतकी कडक असतात की शेवटचं काडतूस आत दाबताना अंगठ्याच्या नखाखाली कळ जाते. आठ जातात सुखाने, नववं कुरकुरतं, दहावं जातच नाही. स्प्रिंग तेवढीच छोटी जागा घेऊन तेवढ्याच जोरात ढकलायला हवी ना, म्हणून. अपलुला म्हणून एक प्लास्टिकचं साधन मिळतं, वरून दाबलं की काडतूस आपोआप सरकतं. ते भावाला पिस्तुलाबरोबरच घ्यायला सांग. मॅगझिन पूर्ण भरून थोडे दिवस ठेवलं की स्प्रिंग जरा मऊ होते. आणि भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते असं जे लोक सांगतात ते काही खरं नाही, चांगली स्प्रिंग झिजते ती पुन्हा पुन्हा भरून रिकामी करण्याने.

गिरगावचा_नंदू
मीनलताई, हे तर आमच्या पोराच्या डोक्यातच नव्हतं. त्याने दुकानात रिकामंच हातात घेतलंय.

ह्यूस्टनची_मीनल
मग भाड्याने मिळणाऱ्या रेंजवर जाऊन भरून मारून बघ म्हणावं. वजनही कळेल. ९ एमएमचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅम, म्हणजे १० आणि १५ मध्ये ६० ग्रॅमचा फरक. ऐकायला काही नाही, पण संध्याकाळपर्यंत पट्टा खाली ओढतं.

ठाण्याचे_वकील
भावाचं झालं, आता मामांकडे येऊ, कारण मुंबईतल्या वाचकांना तेच कामाचं आहे आणि वर ९ एमएम ९ एमएम वाचून कुणी स्वप्नं रंगवू नयेत.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला ९ एमएमचं पिस्तूल मिळत नाही, तो प्रोहिबिटेड बोअर आहे. ४५ ही तसंच. पिस्तुलात आपल्या वाट्याला मुख्यतः ३२ बोअर म्हणजे ७.६५, आणि २२. त्यामुळे पी३६५, हेलकॅट, ग्लॉक ही सगळी चर्चा आपल्यासाठी खिडकीतून बघण्याची. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, लायसन्सची मुदत पाच वर्षं झाली. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तांकडे. लायसन्सवर काडतुसं किती ठेवता येतील तो आकडा लिहिलेला असतो, त्याचा मॅगझिनशी संबंध नाही पण मामांनी तो बघून ठेवावा.

आणि एक मजेशीर गोष्ट. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत लपवून बाळगायचं की उघड हा माणसाच्या मर्जीचा विषय आहे. आपल्याकडे २०१६ च्या नियमांत सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे असंच म्हटलंय. म्हणजे मामांचं पिस्तूल लग्नात शेरवानीवर पट्ट्यात लावून मिरवणं, वरातीत हवेत बार काढणं, हे सगळं लायसन्स घालवायचे धंदे.

उनाडमुंबईकर
म्हणजे लपवायलाच लागतं तर. मग मीनलताईंचा मुठीचा मुद्दा मामांना पण लागू.

ठाण्याचे_वकील
अगदी. आणि मामांनी पिस्तूल घेऊन मेट्रोत आणि मॉलमध्ये जाऊ नये, दारातच अडवतील, आणि गाडीत ठेवून जाणं त्याहून वाईट. निवडणूक जाहीर झाली की पोलीस स्टेशनातून जमा करण्याची नोटीस येते, तेव्हा पावती नीट घ्यावी आणि पावतीवर मॅगझिन किती दिली तेही लिहून घ्यावं. हे विसरतात लोक.

झवेरीबाजार_पेढी
मी नंदूचा मामा नाही, पण त्याच गल्लीतला. माझ्याकडे आपल्या ऑर्डनन्सचं अशनी आहे, ३२ चं, एकेरी मॅगझिन. मला गोळ्यांच्या संख्येपेक्षा दोनच गोष्टींचा त्रास. एक गंज. समुद्राची हवा, त्यात कमरेला घाम. पिस्तूल लोक पुसतात, तेल लावतात, मॅगझिन कुणी उघडत नाही. जून ते सप्टेंबर मॅगझिनच्या आत स्प्रिंगवर लाल पूड धरते, काढून बघा एकदा. मी पावसाळ्यात दर रविवारी बूड काढून स्प्रिंग पुसतो, आत तेल अगदी नावाला, जास्त लावलं तर ते काडतुसाच्या टिकलीपर्यंत जाऊन दारू मरते.

दुसरी गोष्ट जुनं काडतूस. खडकीचं बनवलेलं असतं, बुडावर के एफ ७.६५ असं उमटवलेलं. वर्षानुवर्षं तेच मॅगझिनमध्ये पडून राहतं. काढायचं, बघायचं, घासलेलं डाग पडलेलं बाजूला ठेवायचं.

वरळी_१०मीटर
पेढीवाल्यांना +१. ३२ बद्दल अजून एक सांगायचं राहिलं. ७.६५ चं काडतूस अर्ध्या कडेचं आहे, म्हणजे बुडाची चकती नळीपेक्षा जराशी मोठी. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली तर दोघं एकमेकांत अडकतात आणि वर येतच नाहीत. याला रिमलॉक म्हणतात. लांबीला आखूड काडतूस असलं की मॅगझिनमध्ये पुढे-मागे हलायला जागा मिळते आणि हा प्रकार जास्त होतो, म्हणून मॅगझिन ज्या लांबीसाठी बनलंय त्याच लांबीचं वापरावं. भरताना प्रत्येक काडतूस आधीच्याच्या पुढे कड येईल असं सरकवायचं. मामांना हे माहीत असेलच.

आणि ३२ म्हणून कमी मावतात असंही नाही हं. सीझेड ८३ म्हणून चेक पिस्तूल आहे, दुहेरी रांग, ३२ मध्ये १५ बसतात. काडतूस बारीक, त्यामुळे रांग बारीक. आपल्याकडे परदेशी पिस्तुलांची आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली त्यामुळे जे आहे ते जुनं आणि सोन्याच्या भावाने. रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यांचं बरं, निर्भीक घ्या नाहीतर उत्तर प्रदेशात संडिल्याला बनणारं वेब्ली घ्या, सहा ती सहाच, मॅगझिनची कटकटच नाही. फक्त रिव्हॉल्व्हरचं ३२ आणि पिस्तुलाचं ३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत, दुकानात मागताना नीट सांगा.

अनघा_दादर
मी मध्ये पडते. हे १०+१ असं लिहितात ते काय? माझ्या नवऱ्याने विचारायला सांगितलंय.

माजी_फौजदार
ताई, मॅगझिनमध्ये १० आणि एक आधीच चेंबरमध्ये चढवलेली. नव्या पिस्तुलांत आत फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी खीळ) अडवणारी यंत्रणा असते, पडलं तरी उडत नाही, म्हणून तिथले लोक चढवून ठेवतात. आपल्याकडच्या कित्येक जुन्या ३२ मध्ये ती यंत्रणा नाही. त्यांत +१ च्या नादी लागू नये, चेंबर रिकामं ठेवावं. एक गोळी जास्त मिळते म्हणून मांडीत भोक पाडून घ्यायचं का?

अनघा_दादर
नवरा म्हणतोय कळलं. आमच्याकडे पिस्तूल नाही, नुसती उत्सुकता.

गिरगावचा_नंदू
सगळ्यांचे आभार. भावाला पूर्ण धागा पाठवला. त्याचं मन हेलकॅटवर बसलंय, ११ चं सपाट आणि १३ चं लांब, दोन्ही मॅगझिन डब्यातच येतात म्हणून. म्हणतो पी३६५ पेक्षा एक गोळी जास्त, साइझ तीच, मग प्रश्नच मिटला. पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला ट्रान्स्फर आहे, त्याच्या आधी घेऊन टाकतो म्हणाला, तिथे दुकानात फार वेळ लावतात म्हणे.

ह्यूस्टनची_मीनल
अरे देवा. न्यू जर्सी? हे आधी सांगायचंस ना नंदू! एवढा धागा झाला आणि आता सांगतोयस.

न्यू जर्सीत मॅगझिन १० च्या वर ठेवताच येत नाही. आधी १५ होतं, २०१८ ला १० केलं. हेलकॅटचं सपाट मॅगझिन ११ चं. एका गोळीने तो गुन्हेगार होतो, आणि तिथे हा प्रकार दंड भरून सुटण्याइतका हलका नाही.

वरळी_१०मीटर
हाहा. दीड रांगेची सगळी हुशारी एका राज्याच्या सीमेवर संपली.

नंदू, अमेरिकेत हा आकडा राज्यागणिक बदलतो. १९९४ ते २००४ देशभर नव्या मॅगझिनला १० चीच मर्यादा होती, ती मुदत संपून गेली, मग राज्यांनी आपापलं ठरवलं. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, मेरीलँड १०. कोलोरॅडो १५. इलिनॉयमध्ये पिस्तुलाला १५. डेलावेअर १७. टेक्सासला काहीच नाही. ग्लॉक २६ आणि पी३६५ मध्ये नेमक्या १० च का बसवल्यात असं वाटलं असेल तर त्यात थोडा वाटा या कायद्यांचाही आहे, १० हा आकडा सगळीकडे विकता येतो.

ठाण्याचे_वकील
मी भारतीय कायद्याचा माणूस, पण दोन गोष्टी सर्वसाधारण. मर्यादा मॅगझिनच्या क्षमतेवर आहे, त्यात प्रत्यक्ष किती भरल्यात त्यावर नाही. ११ च्या मॅगझिनमध्ये १० च भरल्या तरी मॅगझिन ११ चंच. आणि भाऊ कुठल्या स्टेटसवर आहे ते परत एकदा खात्री करा. ग्रीन कार्ड असेल तर ठीक. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. आपली पोरं रेंजवर मित्राबरोबर जातात, फोटो टाकतात, आणि हे माहीत नसतं.

गिरगावचा_नंदू
ग्रीन कार्ड पक्कं आहे, मावशीने पेढे वाटले होते. न्यू जर्सीचं मात्र त्याला खरंच माहीत नव्हतं, आत्ता फोन केला, दोन मिनिटं गप्पच झाला.

मग आता काय करायचं त्याने? हेलकॅट सोडायचं का?

ह्यूस्टनची_मीनल
सोडायची गरज नाही. हेलकॅटला १० चं मॅगझिन पण मिळतं, अशा राज्यांसाठीच काढलंय. पण मग त्याचा पी३६५ वरचा एका गोळीचा मोठेपणा गेला, दोघं १० वर. तेव्हा ज्याची मूठ हातात बरी बसेल, ट्रिगर बरा वाटेल ते घे म्हणावं, आकडा विसर. शील्ड प्लसच्या डब्यातही १० बरोबर १३ चं येतं, ते लक्षात ठेव. माझं मत विचारशील तर न्यू जर्सीला जाईपर्यंत काही घेऊच नये. तिथे पिस्तूल विकत घ्यायला वेगळा परवाना, बाळगायला वेगळा, शिवाय होलो पॉइंट म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळ्यांवरही बाहेर नेण्याची बंधनं आहेत. तिथल्याच वकिलाला पैसे देऊन विचार आणि तिथेच घे. घेतलंच असेल इथे, तर १० च्या वरची मॅगझिन टेक्सासमध्येच कुणाला तरी देऊन टाक, सामानाच्या ट्रकमध्ये राहून गेली असं नको.

गिरगावचा_नंदू
कळवतो. मामा खूश आहेत, म्हणतात सगळ्या जगात फिरून पोरगा दहावर आला, माझ्यापेक्षा दोनच जास्त. पेढीवाल्यांचं वाचून त्यांनी मॅगझिनचं बूड उघडलं आणि आत खरंच लाल पूड निघाली, फोटो रविवारी टाकतो.

झवेरीबाजार_पेढी
स्प्रिंग मऊ ब्रशने घास, पॉलिश पेपर लावू नको देऊस. आणि उलटी बसवू नका परत, वरचं टोक कुठल्या बाजूला होतं ते आधी बघून ठेवा.

संपादक_मंडळ
नंदू, फोटो फक्त मॅगझिनचे. पिस्तुलावरचा नंबर दिसला तर उडवणार.